उसवावं की सावरावं

विकत आणलेली वस्तू मनासारखी निघाली नाही तर माणूस दुकानदाराला चार शिव्या देतो आणि मोकळा होतो. स्वतःच्या हातानं केलेली वस्तू बिघडली की शिव्या द्यायला कुणी सापडत नाही. पेरणी विरळ उगवते, भिंतीला पोट सुटतं, वाकळीला झोळ पडतो. मग एक प्रश्न समोर येतो. हे उसवून पुन्हा करायचं, की आहे त्यातच सावरून घ्यायचं? प्रश्न साधा वाटतो, पण त्यानं घरंच्या घरं अडलेली मी पाहिली आहेत.

मी शेतकरी माणूस. दहावीपर्यंत शिकलो, पुढची पंचेचाळीस वर्षं ढेकळांत गेली. मोठ्या ग्रंथांत या प्रश्नाचं काय उत्तर दिलंय ते मला ठाऊक नाही. पण त्यावर सगळ्यात जास्त बोलणं मी ऐकलं ते आमच्या ओसरीवर, वाकळ शिवणाऱ्या बायकांच्या तोंडून. आमच्याकडं, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, गोधडीला वाकळ म्हणतात. ज्वारीची सुगी उरकली, कडबा रचून झाला, की चैत्र-वैशाखाच्या दुपारी मोकळ्या असायच्या. त्या दुपारी वाकळीच्या.

वाकळीला कुणी कापड विकत आणत नसे. वर्षभर एका बोचक्यात साठत जायचं. आजीचं इरकली लुगडं, वडिलांची धोतरं, फाटका पटका, आमचे शाळेचे सदरे, खणाच्या चोळीच्या बाह्या. नऊवारी लुगडं मधोमध विरलं की आधी तेवढा भाग काढून दंड घालून पुन्हा नेसायचं. तेही फाटलं की बोचक्यात. म्हणजे वाकळीत येणारं प्रत्येक कापड आधी एक जन्म जगून, कधी दोन जगून आलेलं असायचं.

आई वाकळीची आखणी करायची, पण कागदावर रेघ नसायची. बोचकं सोडायचं आणि तीन चळती लावायच्या: धड, निमधड आणि चिंध्या. प्रत्येक कापड ती उजेडाकडं धरून बघायची. जिथनं उजेड जास्त येतो तिथं सूत विरलंय. मग चिमटीत धरून हलकं ओढायचं. 'टर्र' झालं की ते चिंध्यांत. धड कापड वर आणि खाली, निमधड पोटात, चिंध्यांची ठिगळं. पायाशी आणि हनुवटीशी वाकळ जास्त घासते, म्हणून तिथं जाडसर काठ. एवढं ठरलं की सगळं जमिनीवर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि नुसतं बघत बसायचं. शेजारची कुणी आली की बसल्या-बसल्या एखादा तुकडा सरकवायची. "हितं तांबडं नगं, डोळ्यात घुसतंय." संध्याकाळपर्यंत चित्र दहा वेळा बदलायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. या बायका पाय पाहून अंथरूण करायच्या, आणि तेही बोचक्यात जेवढं आहे तेवढ्यातच.

आमच्या सोलापूरची दुसरी ओळख चादरीची. 1877 साली शहरात पहिली कापडगिरणी उभी राहिली, ती पुढं 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी माग घातले आणि सोलापुरी चादर देशभर गेली. या चादरीवरचा मोर, फूल, नक्षी जकार्डवर निघते. जकार्ड हे 1804 च्या सुमाराला फ्रान्समध्ये निघालेलं तंत्र. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असतात, आणि कुठला धागा उचलायचा, कुठला दाबायचा, हे त्या भोकांवरून ठरतं. विणकराच्या हाती आयत्या वेळी बदलण्यासारखं फार काही उरत नाही. आखणी सगळी आधी. त्यात फायदा मोठा आहे, हजारावी चादर पहिलीसारखीच निघते. पण भोक चुकीचं पडलं तर चूकही हजार वेळा तशीच निघते. वाकळीचं उलटं. एक वाकळ दुसरीसारखी होत नाही, आणि एकीतला दोष दुसरीत जात नाही. तिथं आखणी आणि शिवण एकमेकींचा हात धरून चालतात, म्हणूनच मध्येच थांबून बदल करायची मुभा असते.

पण मुभा असली तरी कापडाला मर्यादा आहे, ती शिवताना कळते. आमच्याकडं वाकळ कडेनं सुरू करतात. चौकोनी फेऱ्या घेत, धावदोरा घालत मध्याकडं यायचं. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी लोक राहतात, त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून आणलं होतं. त्यांच्या बायकाही अशाच गोधड्या करतात. त्यांना कवंदी म्हणतात. त्याही कडेनं सुरुवात करून आत येतात, आणि शेवटी कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची छोटी फुलं बसवतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते म्हणे. कडेनं आत येण्यात एक गंमत आहे. आतले थर नीट ताणून घेतले नसतील, तर सगळा ढिलेपणा पुढं पुढं सरकत मध्यावर गोळा होतो. पहिल्या दिवशी जे सैल राहिलं ते दहाव्या दिवशी झोळ होऊन बसतं. तोवर हजारो टाके पडलेले असतात.

झोळ पडला की ओसरीवर दोन तट पडायचे. चुलती कडक. ती म्हणायची, "उसव समदी. असली वाकळ बघून सासरची पोरगी बी नाक मुरडंल." आई आधी वाकळ उलटी करायची, तळहात फिरवायची, उचलून झटकायची. नुसता फुगवटा असेल तर शेवटच्या चार-पाच फेऱ्या उसवायच्या, जादा कापडाची एक चूण घालायची आणि चुणीवर खणाचा चौकोन बसवायचा. बघणाऱ्याला वाटायचं, मुद्दाम मध्यावर फूल काढलंय. आणि आतला थरच गोळा होऊन एका बाजूला गेला असेल, तर चौकोन बसवण्यात अर्थ नाही. पहिल्याच थंडीत तिथं गारठा शिरतो. अशा वेळी आई चुलतीच्या आधी कात्री घ्यायची.

रंगाचा घात वेगळाच. चुलतीला तिच्या आईची काळी चंद्रकळा मिळाली होती. ती तिनं पांढऱ्या धोतराच्या शेजारी बसवली. काळं-पांढरं उठून दिसावं ही आखणी. वाकळ झाली तेव्हा दिसलीही झकास. पहिल्या धुण्यात काळा रंग उतरला आणि धोतरावर राखी डाग पसरले. चुलती ओढ्यावरच बसून रडली. उसवून काय होणार? उतरलेला रंग काही परत लुगड्यात जात नाही. शेवटी चंद्रकळेचे उरलेले तुकडे त्यांनी सगळ्या वाकळीभर पेरले. दोन ठिकाणी असलेलं काळं वीस ठिकाणी झालं, आणि डाग त्या काळ्याच्या सावलीसारखे दिसू लागले. आधी काढलेलं चित्र गेलं, नवं आलं. त्यानंतर मात्र आमच्या घरी ओलं फडकं चोळून रंग सुटतो का हे बघितल्याशिवाय कुठलंही गडद कापड वाकळीत गेलं नाही.

तिसरी गोष्ट दुष्काळातली. 1972 चा दुष्काळ आमच्या पिढीच्या हाडात आहे. खडी फोडायचं काम, सुकडी, लाल मिलो. त्या सालात जुनं कापड उरलंच नाही, कारण सगळं अंगावरच होतं. पुढच्या उन्हाळ्यात आईनं वाकळीच्या पोटात बारदान घातलं. दुसरं नव्हतंच काही. वाकळ झाली ती पुठ्ठ्यासारखी. पांघरली की खांद्यावर उभी राहायची, अंगाला लागायची नाही. चुलती म्हणाली, उसव. आई म्हणाली, "उसवून आत काय घालू, माती?" दोन दिवस ती वाकळ दांडीवर नुसती पडून होती. तिसऱ्या दिवशी आईनं ती खाली अंथरली. शेणानं सारवलेल्या जमिनीचा ओलावा बारदानानं वर येऊ दिला नाही. पांघरूण म्हणून वाया गेलेली वस्तू अंथरूण म्हणून नऊ-दहा वर्षं टिकली. उसवणं आणि झाकणं यांच्याशिवाय तिसरी वाट असते हे मला तेव्हा दिसलं. वस्तू तशीच ठेवायची आणि तिच्याकडून मागतो ते काम बदलायचं.

शेतीतही हाच हिशोब. हस्तात मालदांडी पेरली आणि उगवण फटकळ झाली, तर दोन-चार दिवसांत ठरवावं लागतं. थोडे नांगे असतील तर ओल आहे तोवर टोकून घ्यायचे. अर्धं रान मोकळं दिसत असेल तर मोडायचं आणि वाफसा असेल तर दुबार पेरायचं. वाफसा गेला असेल तर त्याच रानात हरभऱ्याचाही विचार सोडायचा आणि आहे ते कडब्यापुरतं राखायचं. रुसून बांधावर बसणाऱ्याला यातलं काहीच साधत नाही. ओल कुणासाठी थांबत नाही.

इथवर सगळं सोपं आहे, कारण कापड आणि माती बोलत नाहीत. खरी अडचण पुढं आहे.

माझी थोरली बहीण लग्न होऊन गेली ती 1970 च्या दशकाच्या अखेरीस. तिथं तिला जाच होता. पंचमीला आली तेव्हा तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, "सावरून घे, बाई." दिवाळीला आली तेव्हाही तेच सांगितलं, आणि आईनंही तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा ती उन्हाळ्यात आली. ओसरीवर वाकळ पसरलेली होती. बहीण काही न बोलता सुई घेऊन बसली. हात लांब केला तशी चोळीची बाही वर सरकली आणि दंडावरचा डागल्याचा वण सगळ्या बायकांना दिसला. कुणी काही बोललं नाही. फेरी पुरी झाल्यावर आई उठली आणि वडिलांना म्हणाली, "ही आता जाणार न्हाई." वडिलांनी भावकीची भीती घातली, चुलतीनं धाकट्या पोरींच्या लग्नाची. वाकळ उसवा म्हणून सांगणारी चुलती इथं मात्र सावरा म्हणत होती. आई त्या दिवशी हलली नाही. बहीण आमच्याकडंच राहिली, शेतात आमच्या बरोबरीनं राबली.

मी पुष्कळ विचार केलाय यावर. वाकळीतला थर कुजलाय का, हे बघायला तळहात फिरवणारी बाई स्वतःच्या लेकीच्या बाबतीत दोनदा नुसतं वरूनच बघून का थांबली? मला वाटतं फरक इथं आहे. वाकळ सावरताना कष्ट आणि सोसणं एकाच बाईचं असतं. टाके ती उसवते, बोटं तिचीच टोचतात. संसारात 'सावरून घे' म्हणणारं एक माणूस असतं आणि सोसणारं दुसरं. सल्ला देणाऱ्याला काहीच पडत नाही, म्हणून तो सल्ला इतका स्वस्तात मिळतो. बाईला, गड्याला, गरिबाला तो जन्मभर मिळत राहतो. तेव्हापासून कुणी 'ॲडजस्ट करा' म्हणालं की मी एवढंच बघतो, या तडजोडीची किंमत कोण देतंय. म्हणणाराच देत असेल तर तो शहाणपणा. दुसऱ्याच्या अंगावर टाकत असेल तर ते कुजक्या पोटावर लावलेलं ठिगळ.

आता वाकळ घराबाहेर पडली आहे. आमच्या सूनबाईंचा बचत गट आहे. पुण्याहून मागणी येते, गोधडी म्हणून. त्या कागदावर चौकोन आखतात, रंग ठरवतात, फोटो पाठवतात. जुनं कापडही पहिल्यासारखं राहिलं नाही. लुगडी गेली, आता बोचक्यात निघतात त्या सिंथेटिक साड्या आणि टेरिकॉटचे शर्ट. सुती कापड धुण्यात आटतं, टेरिकॉट आटत नाही, दोन्ही शेजारी आले की कड चुण्या धरते. आतला थर घसरतो, टाका धरून ठेवत नाही. त्यामुळं आधीची आखणी जास्त लागते: सुती वेगळं, सिंथेटिक वेगळं, नवं कापड आधी धुऊन आटवून घ्यायचं, मोठे कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे आणि मगच बारीक शिवण.

दोन वर्षांमागं एका मागणीत निळं कापड एका पट्टीनं कमी पडलं. फोटोत दाखवलं होतं सगळीकडनं निळं. बायकांनी एका कोपऱ्यात हिरवं बसवलं. दिसत होतं चांगलं, माझ्या डोळ्याला तर जास्तच चांगलं. गटातली एक म्हणाली, "सांगायचं कशाला? पुण्यात कुणाला कळतंय." सूनबाईंनी फोन करून सांगितलं. गिऱ्हाईकानं नको म्हटलं. तीन आठवड्यांची मेहनत घरात पडून राहिली. गटात थोडी कुरबुर झाली आणि ती रास्तही होती, कारण पैसा सगळ्यांचा अडकला. तरी मला सूनबाईंचं पटलं. स्वतःच्या घरासाठी शिवताना काय वाटेल ते बदला, पांघरणारे आपलेच. दुसऱ्याला शब्द देऊन शिवताना बदल करायला हरकत नाही, पण पांघरणाऱ्याला तो आधी कळला पाहिजे. पसंत-नापसंत त्याची.

नातीनं मला मोबाइलवर अमेरिकेतल्या गोधड्या दाखवल्या. अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. एके काळी कापसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबवलेल्या लोकांचे वंशज तिथं राहतात. त्यांच्या बायकांनी फाटक्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या केल्या, थंडी भागवायला. 2002 साली त्यांचं ह्यूस्टनच्या संग्रहालयात प्रदर्शन भरलं, मग न्यूयॉर्कला. त्यातली एक मिझुरी पेटवे नावाच्या बाईनं 1942 साली, नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची केलेली. पट्ट्या वाकड्या, रंग विटलेले, गुडघ्याजवळची झीज तशीच. नात म्हणाली, "आजोबा, हिच्यात एकसुद्धा रेघ सरळ नाही." खरं होतं. पण ती रेघ सरळ करायची तर त्या माणसाचं घासलेलं कापड काढून टाकावं लागलं असतं, आणि मग गोधडी कशासाठी? वडील गेल्यावर आईनंही त्यांच्या धोतरांची वाकळ केली होती. तिचा एक काठ चार बोटं खाली उतरलेला होता. चुलतीनंही ती उसव म्हटलं नाही.

म्हणून नुसतं 'मनासारखं झालं नाही' एवढ्यावर मी कात्री घेत नाही, आणि कुणाला घेऊ देत नाही. मन आपलं, चित्र आपलं, कापडाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण हात फिरवल्यावर आतला थर सरकलेला लागला, तर वरचं कितीही देखणं असो, उसवायला उशीर करू नये. उशिरानं टाके वाढतात.

सूनबाईंची एक रीत मला फार आवडते. वाकळ आखतानाच त्या प्रत्येक मुख्य कापडाचा हातभर तुकडा बाजूला काढतात आणि त्यावर खूण करून ट्रंकेत ठेवतात. कितीही कमी पडलं तरी तो शिवणीत घालत नाहीत. मी पेरणीच्या दिवशी नांगे भरायला शेरभर बी राखून ठेवतो, तसंच हे. आपल्या आखणीवर भरवसा नाही असा त्याचा अर्थ होत नाही. वाकळ वापरात जाणार, धुतली जाणार, कुठंतरी फाटणार, हे धरून केलेली ती आखणी आहे.